पुढे गेलेली जीप: भंडारदऱ्याच्या पावसाळी सायकल सहलीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधील अकरा सायकलस्वारांच्या एका गटाने काही वर्षांपूर्वी जुलैच्या मध्यावर भंडारदरा परिसरात तीन दिवसांची सहल काढली होती. त्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी जे घडले, त्याची ही नोंद आहे. गटात सर्वांत मागे राहून मागे पडणाऱ्यांना सोबत आणण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पुढे ज्या चुका मांडल्या आहेत त्यांतल्या निदान दोन माझ्या स्वतःच्या आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

गटातील माणसे चोवीस ते अठ्ठावन्न या वयोगटातील होती. त्यांत तीन स्त्रिया होत्या. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर शहरातील जी चाळिशी-पन्नाशीतली मंडळी पुन्हा सायकलवर बसली, त्यांच्यापैकीच आमच्यातले निम्मे होते. रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन परत येणे, म्हणजे साधारण साठ किलोमीटर, हे सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते. सलग दोन दिवस घाटमाथ्यावरच्या पावसात सायकल चालवण्याचा अनुभव मात्र कोणालाच नव्हता, आणि हा प्रश्न तयारीच्या बैठकीत कोणी विचारलाही नाही. त्या बैठकीचा बराचसा वेळ टी-शर्टच्या रंगावर गेला.

बेत सोपा होता. शुक्रवारी नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी, असे सुमारे सत्तर किलोमीटर जायचे. शनिवारी भंडारदरा जलाशयाला वळसा घालायचा: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि पुन्हा शेंडी. रविवारी आल्या वाटेने परतायचे. सामानासाठी एक क्रूझर जीप भाड्याने घेतली होती. तिच्यात सर्वांच्या बॅगा, कोरडे कपडे, हवेचा पंप, जादा ट्यूब आणि औषधांची पेटी होती.

पहिला दिवस निर्विघ्न पार पडला. बारीला पोहोचलो तेव्हा कळसूबाई पूर्णपणे ढगात होती, परंतु पाऊस नाशिकच्या पावसासारखाच, अधूनमधून येणारा होता. या सारखेपणानेच आमची दिशाभूल केली. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो तीन हजारांच्या वर जातो; घाटघर तर त्याहूनही कड्याच्या काठावर आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे सायकलने जाताना प्रत्येक दहा किलोमीटरला पाऊस बदलतो, हे नाशिककराला कागदावर माहीत असते, पण अंदाज तो आपल्या अंगणातल्या पावसावरूनच बांधतो.

आदल्या संध्याकाळचे दोन निर्णय

शुक्रवारी रात्री शेंडीच्या मुक्कामी दोन गोष्टी ठरल्या. त्या वेळी त्या निर्णय आहेत असे कोणाला वाटलेही नव्हते.

पहिली गोष्ट हवामानाची. हवामान विभागाने त्या दिवशी नाशिकच्या घाट भागासाठी नारिंगी इशारा दिला होता आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यासाठी पिवळा. भंडारदरा अकोले तालुक्यात, म्हणजे नगर जिल्ह्यात येत असल्यामुळे आपल्याला पिवळा लागू आहे, असे आमच्यातल्या एकाने मोबाइल पाहून जाहीर केले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नगर जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत आहे. संपूर्ण जिल्ह्याला दिलेला रंग त्याच्या पश्चिम टोकावरच्या चार गावांना लावणे म्हणजे दुष्काळी तालुक्यांचे आकाश घाटघरवर पांघरण्यासारखे होते. घाटघर आणि इगतपुरी एकाच सह्यधारेवर आहेत, मध्ये जिल्ह्याची हद्द असली तरी ढगांना ती माहीत नसते. आम्ही ज्याकडे पाहायला हवे होते तो इशारा आमच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या घाटाचा होता, आणि तो नारिंगी होता.

दुसरी गोष्ट जीपची. घाटघरच्या पुढे साम्रदकडे जाणारा रस्ता खराब असल्याचे ऐकले होते, म्हणून चालकाने आमच्या मागे न येता जलाशयाच्या दक्षिण काठाने थेट रतनवाडीला जावे, तिथे एका घरी पिठलं-भाकरीची सोय करावी आणि अमृतेश्वराच्या मंदिरापाशी थांबावे, असे गटप्रमुखांनी सुचवले. गरम जेवण आणि कोरडे कपडे वाटेत वाट पाहत असतील, ही कल्पना सर्वांनाच आवडली.

याच रात्री तिसरी एक गोष्ट घडली होती, ती आम्हाला दोन दिवसांनी समजली. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मामांनी जेवताना चालकाला सांगितले होते, “चार रोज झाले घाटघरला झड लागलीय. साम्रदच्या पुढं वढ्याला दुपारून पाणी चढतं, पोरांना सांगा.” चालकाने ते आम्हाला सांगितले नाही. नंतर विचारल्यावर तो संकोचून म्हणाला, “तुम्ही शिकलेली माणसं, सगळं ठरवून आलेले. मी मध्ये काय बोलणार?” त्याला दोष देता येत नाही. आम्ही सगळे पडवीत जेवत होतो आणि तो व मामा आत चुलीपाशी. ही बसण्याची व्यवस्था आमचीच होती.

घाटघरपर्यंत

शनिवारी साडेसहाला निघायचे ठरले होते, प्रत्यक्षात सव्वासात झाले. मुरशेतपर्यंत पाऊस सोसवेल असा होता. खाचरांमधून आवणी चालू होती, बायका इरली आणि प्लास्टिकचे कागद पांघरून वाकलेल्या होत्या. उडदावण्यानंतर वारा समोरून येऊ लागला आणि पावसाचे थेंब तोंडावर टोचू लागले. इथे बँकेत अधिकारी असलेले बावन्न वर्षांचे एक गृहस्थ, ज्यांना पुढे मी ‘काका’ म्हणणार आहे, गटाच्या मागे पडू लागले. ते नेहमी मधल्या फळीत असत आणि अखंड बोलत असत. त्या दिवशी ते गप्प होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन विचारले, त्यांनी “ठीक आहे” एवढेच सांगितले, आणि मी ते चढाचे लक्षण समजलो. काकांचा शनिवारचा उपवास होता. सकाळपासून त्यांनी चहा आणि एक केळे एवढेच घेतले होते. हे मला माहीत होते. ते आठवायला मात्र नको त्या वेळेची वाट पाहावी लागली.

घाटघरला पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. धुक्यामुळे पंधरा-वीस मीटरपलीकडचे काही दिसत नव्हते. तरीही सर्वजण कोकणकड्याच्या बाजूला गेले. समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काहीच नव्हते, आणि त्या भिंतीसमोर आम्ही पंचवीस मिनिटे छायाचित्रे काढत उभे राहिलो. या पंचवीस मिनिटांवर थोडे थांबणे आवश्यक आहे. चढ चढताना स्नायू उष्णता निर्माण करतात, त्यामुळे भिजलेला माणूसही तगून राहतो. थांबल्याबरोबर ती भट्टी विझते आणि ओले कपडे व वारा मिळून अंगातील ऊब वेगाने ओढून नेतात. त्या दिवशी हवेचे तापमान एकोणीस-वीस अंशांच्या खाली असेल असे मला वाटत नाही. शरीराचे आतले तापमान पस्तीस अंशांखाली गेले की त्याला अल्पतापावस्था म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही, हे आम्ही त्या कड्यावर शिकलो. काकांनी सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि वरून साधा प्लास्टिकचा रेनकोट घातला होता. पावसाने नव्हे, तर आतल्या घामानेच ते चिंब झाले होते.

निघताना गटातील फिजिओथेरपिस्ट ताईंनी पाहिले की काकांना हेल्मेटचा पट्टा लावता येत नाही. बोटे दोनदा चुकली, तिसऱ्या वेळी ताईंनीच तो लावून दिला. मग ताई गटप्रमुखांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “दादा, काकांचं लक्षण बरोबर नाही. इथंच कुणाच्या तरी घरी थांबू या.”

समोर असलेले पर्याय

या ठिकाणी चार पर्याय होते, आणि चारही बोलले गेले. अर्थात उभ्याउभ्या, पावसात, कोणी कोणाचे पूर्ण ऐकून न घेता.

आल्या वाटेने शेंडीला परतणे हा एक. रस्ता ओळखीचा, डांबर बरे, वारा पाठीवर. पण अंतर सुमारे बावीस किलोमीटर आणि तिथल्या खोलीत कोरडा टॉवेलसुद्धा नव्हता, कारण बॅगा जीपमध्ये होत्या. दुसरा, पुढे साम्रदवरून रतनवाडीला जाणे. अंतर कमी, शेवटी जीप, कपडे आणि जेवण. पण रस्ता अनोळखी आणि ओढे ओलांडायचे. तिसरा, ताईंनी सुचवलेला: घाटघरातच एखाद्या घरात आसरा घेऊन काकांना ऊब द्यायची आणि जीपला निरोप पाठवायचा. अडचण अशी की मोबाइलला रेंज नव्हती. चौथा पर्याय एका तरुण अभियंत्याचा होता: दोघा-तिघांनी झपाट्याने पुढे जाऊन जीप आणावी, बाकीच्यांनी सावकाश यावे.

गटप्रमुखांनी दुसरा पर्याय निवडला. पुढे जाण्याच्या बाजूने कोणतीही मोठी कारणे मांडली गेली नाहीत. एकाने म्हटले, “कपडे तिकडं आहेत,” आणि चर्चा संपली. कोरडे कपडे ज्या दिशेला असतात त्या दिशेला गारठलेला माणूस ओढला जातो. रस्त्याची अवस्था, पाण्याची पातळी, घड्याळ हे सर्व त्यापुढे फिके पडते. जीप पुढे पाठवताना आम्ही स्वतःसाठी सोय केली असे समजत होतो, प्रत्यक्षात परत फिरण्याची वाट आदल्या रात्रीच बंद करून बसलो होतो. जीप आमच्या मागे, अगदी उडदावण्यापर्यंत जरी आली असती, तरी घाटघरच्या त्या चर्चेत कोणीही पुढे जायचे नाव घेतले नसते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी दुसरी चूक इथली. ताई तिसऱ्या पर्यायावर आग्रही होत्या आणि काकांना मागून पाहिलेला मी एकटाच होतो. मी त्यांच्या बाजूने बोललो असतो तर दोन आवाज झाले असते. मी बोललो नाही.

प्रत्यक्षात काय केले

साम्रदच्या दिशेने निघालो. उतारावर आणखी एक प्रश्न समोर आला. दोन सायकलींना रिम ब्रेक होते. पावसात चाकाच्या कडेला चिकटलेली बारीक वाळू ब्रेकच्या रबरांना घासणीसारखी खाते. एका सायकलीचा ब्रेकचा दांडा हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागत होता. त्या दोघांना उतरून चालत येण्यास सांगितले. हा त्या सकाळचा पहिला योग्य निर्णय होता, असे मागे वळून पाहताना वाटते.

साम्रदच्या अलीकडे सपाट रस्त्यावर काका पडले. वेग जवळजवळ नव्हताच. ते थांबले आणि पाय खाली टेकवायला विसरले, असे काहीसे ते दृश्य होते. खरचटण्यापलीकडे लागले नाही. उठवल्यावर त्यांचे बोलणे जडावलेले होते आणि घाटघरला जी हुडहुडी भरली होती ती आता कमी झाली होती. ताईंनी हे सुधारणेचे नव्हे तर बिघाडाचे लक्षण असल्याचे सांगितले: थरथर हा शरीराचा स्वतःला तापवण्याचा प्रयत्न असतो, आणि ऊब न मिळता तो थांबला तर शरीर थकले असे समजायचे. यानंतर कोणी वाद घातला नाही. गटप्रमुखांनी रस्त्यालगतच्या पहिल्या घराची कडी वाजवली. दार उघडलेल्या आजींना ते परिस्थिती समजावून सांगू लागले, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून म्हटले, “इचारता काय, आत आना त्याला. वल्लं मानूस दारात उभं करून बोलायचं का?”

पुढचा एक तास ताईंच्या सांगण्याप्रमाणे चालला. काकांचे सर्व ओले कपडे काढले, अंग कोरडे करून गोधडीत आणि वरून घोंगडीत गुंडाळले, डोक्याला मफलर बांधला. चुलीला अगदी चिकटून बसवण्याचा काहींचा आग्रह होता. ताईंनी त्यांना चुलीपासून चार हात दूर, भिंतीला टेकून बसवले आणि दोघांना दोन्ही बाजूंना खेटून बसायला लावले. बधिर झालेल्या कातडीला भाजलेले कळत नाही, हे त्यांचे कारण होते. हातपाय चोळायलाही त्यांनी मनाई केली. एका सदस्याकडे औषध म्हणून ठेवलेली ब्रँडीची छोटी बाटली निघाली. मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर गरम वाटते आणि आतली ऊब बाहेर जाते, असे सांगून ताईंनी ती परत ठेवून द्यायला लावली. काका शुद्धीवर होते आणि त्यांना नीट गिळता येत होते, म्हणून गुळाचा कोरा चहा घोटघोट दिला. “आज शनिवार आहे,” असे काका पुटपुटले, तेव्हा आजींनी उत्तर दिले, “गूळ चालतो मारुतीला.” त्या घरात आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

दरम्यान साम्रदचा एक मुलगा मोटारसायकलवरून परत आला आणि पुढच्या ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असल्याचे त्याने सांगितले. गटप्रमुखांनी दोन तरुणांना पाहून येण्यासाठी पाठवले, आणि फरशीच्या कडेचे दगड दिसत नसतील तर पाण्यात पाऊल टाकायचे नाही, अशी ताकीद दिली. चाळीस मिनिटांनी दोघे परतले. पाणी गुडघ्याच्या वर होते आणि पलीकडच्या काठावर आमची जीप उभी होती. बारा वाजून गेले तरी आम्ही दिसेना, म्हणून चालक स्वतःहून पाहायला आला होता. पाण्याच्या आवाजात एकमेकांचे बोलणे ऐकू जाणे शक्य नव्हते. अखेर एकाने सायकल उचलून डोक्यावर आडवी धरली, मग पाठीमागे घाटघरच्या दिशेने हात केला. चालकाने काही क्षण विचार केला, मान हलवली आणि जीप वळवली. रतनवाडी, शेंडी आणि घाटघर असा संपूर्ण वळसा घालून तो सव्वातीनच्या सुमारास आजींच्या दारात आला. ज्या खराब रस्त्याचे कारण देऊन आम्ही त्याला दुसरीकडून पाठवले होते, तो रस्ता त्याने पंधरा मिनिटांत पार केला होता.

निघताना शेवटचा वाद सायकलींवरून झाला. जीपच्या टपावर चारपेक्षा अधिक सायकली बांधणे त्या वाऱ्यात धोक्याचे होते. चार नेल्या तर कोणाच्या नेणार, आणि दोन लाखांची कार्बनची सायकल गोठ्यात कशी ठेवायची, हा प्रश्न एकाने बराच लावून धरला. अकराही सायकली आजींच्या गोठ्यात ठेवायच्या, एकही न्यायची नाही, असे गटप्रमुखांनी ठरवले. सर्वांना सारखेच गैरसोयीचे असल्यामुळे हा निर्णय लवकर मान्य झाला.

परिणाम

काका संध्याकाळपर्यंत पूर्ववत झाले होते. खबरदारी म्हणून त्यांना राजूरला डॉक्टरांना दाखवले. तपासणीत काळजीचे काही आढळले नाही. रविवारचा सायकल प्रवास रद्द करण्यात आला. सायकली सोमवारी टेम्पोने आणल्या आणि त्या भाड्याची वाटणी कशी करायची यावरून जे मतभेद झाले, ते प्रत्यक्ष शनिवारच्या घटनेपेक्षा जास्त दिवस टिकले. एका सदस्याने गट सोडला. आजींनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात आमच्यापैकी चौघे त्यांच्याकडे दोन घोंगड्या आणि किराणा पोहोचवून आले.

काय वेगळे करता आले असते

या प्रश्नावर गटाने दोन बैठका घेतल्या. जीपच्या बाबतीत एकमत लवकर झाले: सामानाची गाडी आता नेहमी मागे असते, आणि तिला पुढे जाणे भागच असेल तर प्रत्येकाच्या पाठीवर पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा जोड आणि कानटोपी असते. वजन जेमतेम पाऊण किलो भरते. सुती कपडे पावसाळ्यात घ्यायचे नाहीत, हे ठरवायला चर्चा लागली नाही. उपवास करणाऱ्याने तो आदल्या रात्री सर्वांना सांगावा, असेही ठरले. कोणाच्या श्रद्धेत लक्ष घालण्याचा हेतू नव्हता, मागच्या स्वाराने काय पाहायचे ते त्याला माहीत असावे एवढेच.

परतीची वेळ आधी ठरवण्यावर मात्र बरीच चर्चा झाली. नऊ वाजेपर्यंत घाटघर गाठले नाही तर जिथे असू तिथून मागे फिरायचे, असे आदल्या रात्री ठरले असते तर त्या दिवशी आम्ही उडदावण्याहूनच परतलो असतो. काहींचे म्हणणे असे की पंक्चरमुळे उशीर होणे आणि हवामानामुळे उशीर होणे यांत फरक आहे आणि घड्याळाला तो कळत नाही. मला हा आक्षेप पटत नाही. कारण कोणतेही असो, दुपारचा ओढा तेवढाच जवळ आलेला असतो. गटप्रमुखाशिवाय आणखी एका व्यक्तीला, म्हणजे प्रथमोपचार जाणणाऱ्या सदस्याला, प्रवास थांबवण्याचा अधिकार असावा आणि तो वापरताना कारण पटवून देण्याची सक्ती नसावी, हे शेवटी मान्य झाले. चालक आता आमच्याच पंगतीत जेवतो, आणि रात्रीच्या बैठकीत पहिला प्रश्न त्याला आणि घरमालकाला विचारला जातो.

एका मुद्द्यावर मतभेद अजून कायम आहे. ओढ्याचे पाणी पाहायला दोघांना पाठवणे योग्य होते का? गटप्रमुखांचे म्हणणे, त्यांना पाठवले म्हणूनच चालकाला निरोप मिळाला, नाही तर तो तिथे आणखी दोन तास थांबला असता आणि काळोख पडेपर्यंत आम्ही साम्रदलाच राहिलो असतो. हे खरे आहे. माझे म्हणणे, साम्रदच्या मुलाने पाणी असल्याचे सांगितलेच होते. पलीकडे जीप, कपडे आणि जेवण दिसत असताना गुडघाभर पाण्याच्या अलीकडे उभे राहण्याचा संयम त्या दोघांनी दाखवला, पण तो आम्ही त्यांच्याकडून गृहीत धरला होता. त्या दोघांपैकी धाकट्याला मी नंतर विचारले होते. तो म्हणाला, एक पाय त्याने टाकून पाहिला होता.